कचरापेटी रिकामी होत नाही, तेव्हा

डिस्क भरत आली म्हणून कचरापेटी रिकामी करायला जावं आणि संगणकाने नकार द्यावा, हा अनुभव विंडोजवाल्यांना येतो, मॅकवाल्यांना येतो आणि लिनक्सवाल्यांनाही. कधी ‘फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडी आहे’ असा संदेश येतो, कधी ‘तुम्हाला परवानगी नाही’ असा. कधी संदेशच येत नाही. पट्टी अर्ध्यावर जाऊन थांबते ती थांबतेच. अशा वेळी माणूस तेच बटण पुन्हा पुन्हा दाबतो आणि शेवटी कुणीतरी सुचवलेली जालीम कमांड चालवतो. ती बहुधा पेटी रिकामी करतेही. पण तिला हवं-नको कळत नाही, आणि तिने पुसलेलं पुन्हा पेटीतही सापडत नाही. म्हणून माझा आग्रह असा, की आधी अडवणारं कोण आहे ते शोधावं. ते सापडलं की बहुतेक वेळा कमांडची गरज उरत नाही.

त्यासाठी पेटीत टाकलेल्या फाइलचं पुढे काय होतं ते पाहायला हवं. लग्नाच्या शूटिंगचं चाळीस जीबीचं फोल्डर पेटीत टाकायला क्षणभर लागतो; तेच दुसऱ्या डिस्कवर कॉपी करायला बराच वेळ जातो. कारण पेटीत टाकताना त्यातला डेटा जागचा हलतच नाही. कुठली फाइल डिस्कवर कुठल्या जागेत आहे, तिचं नाव काय, मालक कोण, याच्या नोंदी फाइल सिस्टिम ठेवते, आणि बदलते ती फक्त नोंद. जमिनीच्या खरेदीत सात-बारावरचं नाव बदलतं, जमीन जागेवरच राहते, तसंच हे. उताऱ्यावर बोजा असला की व्यवहार अडतो. इथेही नोंदीवर कुणाचा तरी हक्क शिल्लक असला की पेटी अडते.

विंडोजमध्ये प्रत्येक ड्राइव्हच्या मुळाशी ‘डॉलर-रिसायकल-डॉट-बिन’ नावाचं एक लपलेलं फोल्डर असतं. त्यात संगणक वापरणाऱ्या प्रत्येकासाठी वेगळं उपफोल्डर असतं, आणि त्याला नाव असतं ते माणसाचं नव्हे, तर विंडोजने त्या खात्याला दिलेल्या लांबलचक ओळख-क्रमांकाचं. तुम्ही फाइल डिलीट केलीत की तिथे दोन गोष्टी तयार होतात. मूळ फाइलचं नाव बदलून ‘डॉलर-आर’ने सुरू होणारं काहीतरी केलं जातं. शेजारी ‘डॉलर-आय’ने सुरू होणारी एक चिमुकली फाइल बसते, फाइल मुळात कुठे होती, किती मोठी होती आणि कधी डिलीट झाली, हे तिच्यात लिहिलेलं असतं. डेस्कटॉपवरचं रिसायकल बिन उघडल्यावर दिसते ती या सगळ्या ड्राइव्हांवरच्या तुमच्या जोड्यांची एकत्र यादी. व्हिस्टापासून ही जोड्यांची पद्धत आहे. जोडीतली एक बाजू हरवली किंवा बिघडली, की यादीत दिसणारं आणि डिस्कवर असणारं यांचा मेळ बसत नाही.

मॅकवर तुमच्या होम फोल्डरमध्ये ‘डॉट-ट्रॅश’ नावाचं लपलेलं फोल्डर असतं. बाहेरून जोडलेल्या डिस्कवर मात्र ‘डॉट-ट्रॅशेस’ असतं आणि त्यात प्रत्येक वापरकर्त्याच्या क्रमांकाचं उपफोल्डर. मॅकवर उघडलेल्या पहिल्या खात्याचा क्रमांक सहसा ५०१ असतो. लिनक्समध्ये पेटीची दोन फोल्डरं असतात. ‘फाइल्स’मध्ये प्रत्यक्ष वस्तू आणि ‘इन्फो’मध्ये तिच्याविषयीची साधी मजकूर-फाइल. ही दुसरी फाइल कुठल्याही एडिटरमध्ये उघडून वाचता येते. तिच्यात मराठी नावाच्या जागी टक्केचिन्हांची भलीमोठी रांग दिसली तर घाबरू नका. देवनागरी अक्षरं तिथे अशाच सांकेतिक रूपात लिहिली जातात.

फायली पेटीत साठून राहण्याची ही सोय सुरुवातीपासून अशी नव्हती. ॲपलच्या १९८४ च्या मॅकिंतॉशवर पेटीतला माल टिकून राहत नसे. दुसरा प्रोग्रॅम सुरू केला किंवा संगणक बंद केला की ती आपोआप रिकामी होई. १९९१ च्या सिस्टिम ७ पासून, मालकाने सांगेपर्यंत हात लावायचा नाही, असं ठरलं. विंडोजला रिसायकल बिन मिळालं ते १९९५ मध्ये. त्याआधी मायक्रोसॉफ्टच्या डॉसवर पुसलेली फाइल परत आणण्यासाठी ‘अनडिलीट’ ही कमांड होती, आणि ती जागा दुसऱ्या फाइलने व्यापली नसेल तरच तिचा उपयोग होई. मला हा बदल फार मोलाचा वाटतो. चूक सुधारायला माणसाला अवधी देणं हे पेटीचं खरं काम आहे, जागा मोकळी करणं हे दुय्यम.

आता रिकामी करण्याकडे येऊ. एक फोल्डर पेटीत टाकणं ही एकच नोंद हलवण्याची गोष्ट. ते रिकामं करणं म्हणजे मात्र आतल्या प्रत्येक फाइलपर्यंत जाऊन तिची नोंद काढणं, तिने व्यापलेली जागा मोकळी म्हणून जाहीर करणं, मग रिकाम्या झालेल्या उपफोल्डरची नोंद काढणं, आणि असं करत वर येणं. आत दोन लाख बारीक फायली असतील तर हे काम दोन लाख वेळा होतं. त्यामुळे पट्टी थांबल्यासारखी वाटली तरी पेटी अडलेली असेलच असं नाही. वेबसाइटच्या प्रकल्पांची फोल्डरं, जुन्या मेलचे साठे, मोबाइलच्या बॅकअपची फोल्डरं यांना खरोखर वेळ लागतो. डिस्कचा दिवा लुकलुकतोय का, टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचं काम चालू दिसतंय का, ते पाहा. चालू असेल तर संगणक रात्रभर तसाच ठेवा. मधेच बंद केल्याने काम लवकर होत नाही.

पेटी खरंच अडली आहे असं दिसलं, तर पहिलं काम संदेश पूर्ण वाचण्याचं आणि शक्य असेल तर त्याचा फोटो काढून ठेवण्याचं. त्यात फाइलचं नाव असतं. दुसरं काम अडलेली फाइल एकटी पाडण्याचं. विंडोजच्या खिडकीत ‘स्किप’ दिसलं तर ते दाबा. बाकीचं निघून जातं आणि हट्टी तेवढ्या उरतात. तशी सोय मिळाली नाही तर पेटीतल्या वस्तू निवडून थोड्या थोड्या डिलीट करा. अर्ध्या निवडा, त्या गेल्या तर दोष उरलेल्यांत आहे. उरलेल्यांतल्या अर्ध्या निवडा. असं करत गेलं की हजार वस्तूंमधली एक शोधायला दहाच पायऱ्या लागतात.

विंडोजवर सर्वांत जास्त वेळा सापडणारं कारण म्हणजे उघडी फाइल. एखादा प्रोग्रॅम फाइल उघडतो तेव्हा तो विंडोजला सांगू शकतो, की माझं काम होईपर्यंत ही पुसू देऊ नका. विंडोज तो शब्द पाळतं. गंमत अशी की उघडणारा प्रोग्रॅम आपल्याला दिसतोच असं नाही. फाइल एक्सप्लोररच्या उजव्या बाजूचा प्रीव्ह्यू फाइल उघडून बसतो. अँटीव्हायरस ती तपासत असतो. वनड्राइव्ह किंवा गुगल ड्राइव्ह ती वर चढवत असतं. व्हिडिओ प्लेअरची खिडकी बंद केलेली असते, पण प्रोग्रॅम मागे चालूच असतो.

सोप्यापासून सुरुवात करा. दिसणारे सगळे प्रोग्रॅम बंद करा, सिंक थांबवा, प्रीव्ह्यू बंद करा. टास्क मॅनेजर उघडून यादीतल्या ‘विंडोज एक्सप्लोरर’वर राइट-क्लिक करा आणि ‘रीस्टार्ट’ निवडा. पडदा क्षणभर रिकामा होईल आणि परत येईल. तरीही नाही जमलं तर ‘रिसोर्स मॉनिटर’ उघडा. तिथे सीपीयूच्या पानावर ‘असोसिएटेड हँडल्स’ नावाची शोधपट्टी आहे, तिच्यात ‘रिसायकल’ हा शब्द इंग्रजीत टाका. मूळ नाव टाकून कदाचित काहीच सापडणार नाही, कारण पेटीत फाइलचं नाव बदललेलं असतं. कुठला प्रोग्रॅम पेटीतली वस्तू धरून बसला आहे ते यादीत दिसतं. ओळखीचा प्रोग्रॅम असेल तर तो त्याच्या नेहमीच्या मार्गाने बंद करा. सिस्टिमचा असेल तर जबरदस्तीने मारू नका.

मग संगणक पुन्हा सुरू करायचा. इथे एक बारीक पण कामाची गोष्ट आहे. विंडोज १० आणि ११ मध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर ‘शट डाउन’ केल्यावर सिस्टिमचा गाभा पूर्ण बंद होत नाही. तो डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तसाच परत उठतो. ‘रीस्टार्ट’ मात्र सगळं नव्याने सुरू करतं. म्हणून ‘मी बंद करून चालू केला, तरी तेच’ म्हणणाऱ्याला मी नेहमी रीस्टार्ट करून पाहायला सांगतो. चालू झाल्याबरोबर, दुसरं काही उघडण्याआधी, पेटी रिकामी करा. त्यानेही भागलं नाही तर सेफ मोड आहे. त्यात बाहेरचे प्रोग्रॅम सुरूच होत नाहीत, त्यामुळे फाइल धरायला कुणी नसतं. मॅकवरही हाच क्रम: आधी प्रोग्रॅम बंद, मग रीस्टार्ट, मग सेफ मोड. इंटेलच्या मॅकवर सुरू होताना शिफ्ट दाबून ठेवायचं. ॲपलची स्वतःची चिप असलेल्या मॅकवर पर्याय दिसेपर्यंत पॉवरचं बटण दाबून धरायचं, डिस्क निवडायची आणि मग शिफ्ट.

लिनक्सचा स्वभाव याबाबतीत वेगळा आहे. तिथे उघडी फाइलसुद्धा पुसता येते. नाव यादीतून जातं, पण ती वापरणारा प्रोग्रॅम बंद होईपर्यंत जागा मोकळी होत नाही. पेटी रिकामी दिसते आणि डिस्क भरलेलीच राहते. अशा वेळी दोष पेटीचा नसतो; तो प्रोग्रॅम बंद करा, जागा परत मिळते.

दुसरं मोठं कारण परवानगीचं, आणि त्यात लोकांना एक प्रश्न फार छळतो: जी फाइल मला पेटीत टाकता आली, ती मला काढून का टाकता येत नाही? मॅक आणि लिनक्स या दोन्हींच्या मुळाशी असलेल्या युनिक्सचा नियम पाहिला तर उत्तर मिळतं. फाइल पुसण्यासाठी त्या फाइलवर हक्क असावा लागत नाही. ती ज्या फोल्डरमध्ये आहे, त्या फोल्डरमध्ये लिहिण्याचा हक्क लागतो. समजा तुमच्या मालकीचं एक फोल्डर आहे आणि त्याच्या आत ॲडमिनिस्ट्रेटरच्या, म्हणजे ‘रूट’च्या मालकीचं एक भरलेलं फोल्डर आहे. बाहेरचं तुमचं असल्यामुळे ते अख्खं उचलून पेटीत टाकता येतं. रिकामं करताना मात्र संगणकाला आतल्या फोल्डरमधली एकेक फाइल काढावी लागते, आणि तिथे लिहिण्याचा हक्क तुमच्याकडे नसतो. सुडो ही कमांड वापरून, म्हणजे रूटच्या हक्काने, केलेली कामं, डॉकर या प्रोग्रॅमने प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये बनवून ठेवलेल्या फायली, दुसऱ्या संगणकावरून आणलेली डिस्क, या तिन्ही ठिकाणी हाच प्रकार होतो.

लिनक्सच्या ग्नोम डेस्कटॉपवर याची आणखी एक तऱ्हा आहे, आणि ती माहीत नसल्याने लोक बराच काळ कोड्यात पडतात. पेटी रिकामी करायला सांगितलं की ग्नोम त्या वस्तू आधी ‘एक्स्पंज्ड’ नावाच्या तिसऱ्या फोल्डरमध्ये सरकवतो आणि मागच्या मागे पुसत राहतो. परवानगीअभावी ज्या पुसता येत नाहीत, त्या तिथेच पडून राहतात. पेटी उघडून पाहिली तर ती रिकामी दिसते. जागा मात्र गायब. होम फोल्डरमधल्या ‘डॉट-लोकल’, त्यातल्या ‘शेअर’ आणि त्यातल्या ‘ट्रॅश’मध्ये जाऊन पाहा. तिथे ‘एक्स्पंज्ड’ दिसलं आणि ते भरलेलं असलं, तर चोर सापडला.

मॅकवर परवानगीच्या जोडीला कुलूप असतं. फाइल निवडून ‘गेट इन्फो’ उघडलं की ‘लॉक्ड’ अशी चौकट दिसते; तिच्यातली खूण काढली की काम होतं. अशा अनेक फायली असतील तर ऑप्शनची कळ दाबून ठेवून पेटी रिकामी करण्याचा पर्याय निवडा. मग मॅक कुलूपबंद फायलींबद्दल प्रत्येक वेळी विचारत बसत नाही. जुन्या मॅकवर पेटी ‘सुरक्षितपणे’ रिकामी करण्याचा आणखी एक पर्याय होता. २०१५ च्या एल कॅपिटनमध्ये ॲपलने तो काढून टाकला, कारण एसएसडीवर जुन्या जागेवरच नवं लिहिलं जाईल याची खात्री देता येत नाही.

विंडोजवर मालकीचा प्रश्न जुन्या संगणकातली हार्ड डिस्क नव्याला जोडली की हमखास येतो. माणूस तोच, पण विंडोजच्या लेखी खातं दुसरं. पेटीतल्या वस्तूच्या प्रॉपर्टीजमध्ये सुरक्षेचं पान दिसत नाही, म्हणून ती आधी ‘रीस्टोअर’ करून मूळ जागी परत आणावी. मग प्रॉपर्टीज, त्यात ‘सिक्युरिटी’, त्यात ‘ॲडव्हान्स्ड’, आणि तिथे मालक म्हणून स्वतःचं खातं निवडून आतल्या फोल्डरांनाही तो बदल लागू करायचा. नंतर शिफ्ट आणि डिलीट एकत्र दाबलं की फाइल पेटीत न जाता थेट जाते. एका फोल्डरला मात्र असा हात लावू नका: विंडोजची नवी आवृत्ती चढवल्यावर मागे राहणारं ‘विंडोज-डॉट-ओल्ड’. ते काढायला ‘डिस्क क्लीनअप’ आहे, तेच वापरा.

तिसरं कारण नावाचं. मराठी वापरणाऱ्यांनी याकडे जरा जास्त लक्ष द्यावं असं मला वाटतं. विंडोजमध्ये फाइलचा पूर्ण पत्ता, म्हणजे ड्राइव्हपासून फाइलच्या नावापर्यंत सगळं मिळून, २६० चिन्हांत बसावा अशी जुनी मर्यादा आहे. २०१६ पासून विंडोज १० मध्ये ती सैल करता येते, पण जे प्रोग्रॅम तसे लिहिलेले आहेत त्यांच्यापुरतीच. देवनागरीत काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे प्रत्येक वेगळं चिन्ह मोजलं जातं. ‘ग्रामपंचायत’ हा शब्द डोळ्यांना सहा अक्षरांचा दिसतो, संगणक मात्र अकरा चिन्हं मोजतो. लिनक्सवर हिशेब आणखी कडक आहे. तिथे एका नावाला २५५ बाइट मिळतात आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, म्हणजे ‘ग्रामपंचायत’ ३३ बाइट, आणि अख्खं नाव फार तर ८५ चिन्हांचं. वर्षाचं फोल्डर, त्यात तालुक्याचं, त्यात गावाचं, त्यात ‘अंतिम दुरुस्त प्रत’ अशी उतरंड रचणाऱ्या कार्यालयांत ही मर्यादा लवकर गाठली जाते.

पेटीत गेल्यावर पत्त्याची सुरुवातही लांबते. लपलेल्या फोल्डरचं नाव आणि खात्याचा तो क्रमांक मिळूनच साठाच्या आसपास चिन्हं होतात. डी ड्राइव्हच्या मुळाशी ठेवलेलं फोल्डर तिथे मर्यादेत होतं, पण त्याच्या तळाशी असलेल्या फायली आता मर्यादेबाहेर जाऊ शकतात. उपाय सोपा आहे. फोल्डर पेटीतून बाहेर काढा, ड्राइव्हच्या मुळाशी आणा, आणि वरपासून एकेका फोल्डरचं नाव एका अक्षराचं करत जा. पत्ता आखूड होतो आणि डिलीट चालतं. हे कंटाळवाणं वाटलं तर सेव्हन-झिप या प्रोग्रॅमचा फाइल मॅनेजर लांब पत्तेही हाताळतो. त्यातून थेट पुसता येतं.

काही नावं विंडोजला मुळातच चालत नाहीत. डॉसच्या काळात ‘कॉन’, ‘नल’, ‘ऑक्स’, ‘पीआरएन’ ही उपकरणांची नावं होती आणि आजही ती फायलींना देता येत नाहीत. शेवटी टिंब किंवा मोकळी जागा असलेलं नावही चालत नाही. पण मॅक किंवा लिनक्सवर अशी नावं बिनदिक्कत तयार होतात आणि पेन ड्राइव्हवरून विंडोजवर येतात. एक्सप्लोरर मग म्हणतो, की अशी फाइल सापडतच नाही. इथेही सेव्हन-झिप कामाला येतो. नाहीतर तो ड्राइव्ह ज्या संगणकावर भरला होता त्यालाच जोडून फाइल पुसावी.

बाहेरून जोडलेल्या डिस्कांनी होणारे घोळ वेगळ्या तऱ्हेचे असतात. मॅकच्या पेटीत दिसणाऱ्या काही वस्तू प्रत्यक्षात बाहेरच्या डिस्कवर असतात. डिस्क काढली की त्या पेटीतून दिसेनाशा होतात, पण डिस्कवरची जागा अडवून बसतातच. म्हणून पेन ड्राइव्हवरून काही पुसलं तर तो जोडलेला असतानाच पेटी रिकामी करायला हवी. विंडोजवर पेन ड्राइव्हमधली फाइल पेटीत जातच नाही, थेट पुसली जाते, आणि मॅकने तिथे ठेवलेली लपलेली पेटी विंडोज आपल्या पेटीत दाखवत नाही. त्यामुळे मॅकवर वापरलेला पेन ड्राइव्ह विंडोजला लावला तर रिकामा दिसतो आणि तरीही ‘जागा नाही’ म्हणतो. एक्सप्लोररमध्ये लपलेल्या वस्तू दाखवण्याचा पर्याय चालू केला की ‘डॉट-ट्रॅशेस’, किंवा लिनक्सवरून आला असेल तर ‘डॉट-ट्रॅश-१०००’, असं फोल्डर दिसतं. ते पुसून टाकलं तरी चालतं. मेमरी कार्डाच्या कडेला असलेली छोटी सरकपट्टी लॉकवर तर नाही ना, हेही पाहावं. आणि विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेली डिस्क मॅक वाचतो, पण तिच्यावर लिहीत नाही. तिच्यावरचं काही पुसायचं असेल तर ती विंडोजलाच लावा.

मॅकच्या टाइम मशीनचे जुने बॅकअप फाइंडरमधून ओढून पेटीत टाकणं ही तर अडचणीला दिलेली हाकच. त्यात लाखो नोंदी असतात आणि त्यांना खास संरक्षण असतं. पेटी ‘तयारी करत आहे’ म्हणत तासन्तास मोजत बसते. जमलं तर त्या ‘पुट बॅक’ने परत जागी ठेवा. आणि त्या डिस्कवरचा कुठलाच बॅकअप नको असेल, तर डिस्क युटिलिटीतून ती अख्खी डिस्क पुसणं सर्वांत जलद. पण त्याआधी तिच्यावर दुसरं काही नाही याची दोनदा खात्री करा.

एवढं सगळं करूनही पेटी हलली नाही, किंवा विंडोजने ‘रिसायकल बिन बिघडलं आहे’ असं स्वतःच सांगितलं, तर कमांडची वेळ आली. विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायचा आणि आरडी ही कमांड, स्लॅश-एस आणि स्लॅश-क्यू जोडून, त्या ड्राइव्हवरच्या रिसायकल-बिन फोल्डरवर चालवायची. विंडोज ते फोल्डर गरज पडताच नव्याने बनवतं, त्यामुळे नुकसान होत नाही. दोन गोष्टी मात्र लक्षात असू द्या. हे काम कमांड प्रॉम्प्टमध्येच करायचं, पॉवरशेलमध्ये नाही. विंडोज ११ टर्मिनल उघडल्यावर सहसा पॉवरशेल देतं, आणि तिथे डॉलरच्या चिन्हाला वेगळा अर्थ असल्याने पत्ता भलताच होतो. दुसरं, या कमांडने त्या ड्राइव्हवरची फक्त तुमची नव्हे, त्या संगणकावरच्या प्रत्येकाची पेटी जाते. घरात किंवा शाळेत एकाच संगणकावर अनेकांची खाती असतील तर सगळ्यांना आधी विचारा.

मॅकवर आणि लिनक्सवर सुडो आणि आरएम, म्हणजे फाइल पुसणारी कमांड, ही जोडी आहे. तिच्याबद्दल मी खरंच कळकळीने सांगतो: पत्ता हाताने टाइप करू नका. चुकून पडलेली एक मोकळी जागा एका पत्त्याचे दोन पत्ते करते, आणि कमांड दोन्ही पुसते. मॅकवर कमांड टाइप करा, एक मोकळी जागा सोडा, आणि पेटीतली वस्तू माउसने ओढून टर्मिनलच्या खिडकीत सोडा. पत्ता बिनचूक उमटतो. एंटर दाबण्याआधी ओळ डावीकडून उजवीकडे पुन्हा वाचा. ‘परवानगी नाही’ असं उत्तर आलं तर अलीकडच्या मॅकवर सेटिंग्जमध्ये टर्मिनलला ‘फुल डिस्क ॲक्सेस’ द्यावा लागतो. काम झालं की तो काढून घ्या.

पेटी रिकामी झाली तरी जागा वाढलेली दिसत नाही, असंही होतं. टाइम मशीन वापरणारा मॅक डिस्कच्या स्थितीची तात्पुरती नोंद स्वतःजवळ ठेवतो आणि ती साधारण २४ तासांनी काढतो, त्यामुळे जागा दुसऱ्या दिवशी परत आलेली दिसते. फोनवर आणि क्लाउडवर तर पेट्या वेगळ्याच असतात: गुगल ड्राइव्हची ३० दिवसांनी आपोआप रिकामी होते, गुगल फोटोजमध्ये बॅकअप घेतलेले फोटो ६० दिवस राहतात. त्या हाताने रिकाम्या केल्याशिवाय जागा लगेच मिळत नाही.

शेवटची शक्यता सर्वांत गंभीर, कारण तिच्यात पेटीचा काहीच दोष नसतो. डिस्कच बिघडत चाललेली असते. लिनक्स अशा डिस्कवर लिहिणं स्वतःहून थांबवतो आणि ती फक्त वाचण्यापुरती ठेवतो. पेन ड्राइव्हची खूण आणखी स्पष्ट असते: पेटी रिकामी केली, फायली गेल्या, पेन ड्राइव्ह काढून पुन्हा लावला आणि सगळ्या फायली जागच्या जागी परत. त्याच्या आतल्या चिपने नवं काही लिहिणं बंद केलेलं असतं. अशा वेळी विंडोजचा चेकडिस्क किंवा मॅकचा फर्स्ट एड चालवण्याचा मोह होतो. साध्या बिघाडात, म्हणजे अचानक वीज गेली किंवा पेन ड्राइव्ह ‘इजेक्ट’ न करता उपसला, तर ते नोंदी दुरुस्त करतात आणि पेटीही मोकळी होते. पण डिस्क मरायला टेकली असेल तर तासन्तास चालणारी तपासणी तिचं उरलंसुरलं आयुष्य खाऊन टाकते. म्हणून डिस्कमधून नेहमीचा नसलेला आवाज येत असेल, फायली उघडायला वाढता वेळ लागत असेल किंवा पुसलेलं परत येत असेल, तर पेटीचा विचार बाजूला ठेवा आणि डिस्कवरचं जे जे हवं आहे ते आजच्या आज दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या.